पेरूचे जेवण आणि आजीची खुर्ची

मुलीचा मुंबईहून दूरध्वनी आला तेव्हा माझी आई शेजारीच सुपात शेंगदाणे निवडत बसली होती. "बाबा, माझ्या वाढदिवसाला या वेळी पेरूचं जेवण. सगळ्यांनी यायचं," असे मुलगी म्हणाली. आईने सुपातून मान वर केली आणि अगदी गंभीरपणे विचारले, "पेरू खायला मुंबईला कशाला जायचं? आपल्या मंडईत काय कमी आहेत?"

आम्ही सारे हसलो. मग मुलीने समजावून सांगितले, की हे फळ नव्हे, देश आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पेरू देशाचे जेवण आणि त्यात चिनी व जपानी पद्धतींचा मिलाफ असे ते उपाहारगृह होते. अशा जेवणाची ठिकाणे आता मुंबईतही झाली आहेत. लोअर परळमधील सेंट रेजिस हॉटेलातील 'कोइशी' हे त्यांपैकी एक ठाऊक असलेले नाव. आम्ही गेलो ते उपाहारगृह दुसरे होते. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. त्या रात्री जे घडले त्यात दोष उपाहारगृहाचा नव्हता, माझा होता.

त्याही आधी माझी एक चूक झाली होती. दूरध्वनीवर मी पटकन बोलून गेलो, "आजीला कशाला दगदग? ती तुझ्या घरी थांबेल, तिच्यासाठी दहीभात करून ठेवू." आई त्या वेळी काही बोलली नाही. रात्री गोळ्या देताना म्हणाली, "मला विचारायचंस तरी. कदाचित नाहीच म्हणाले असते. पण विचारायचंस."

आईचे वय ब्याऐंशी आहे. वीस वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, खालच्या-वरच्या दोन्ही कवळ्या आणि गुडघेदुखी असा तिचा संसार आहे. आयुष्यभर शाकाहारी. तिच्या प्रकृतीची काळजी घेण्याच्या नावाखाली मी तिच्या वतीने निर्णय घेऊन टाकला होता. सोलापुरात इतकी वर्षे दवाखाना चालवताना मी अनेक घरांत हेच पाहिले आहे. चार माणसे बाहेर जेवायला जातात आणि आजोबांसाठी खिचडी झाकून ठेवली जाते. त्यात प्रेमाचा अभाव नसतो, भीती असते. खाणे सोसेल का, जिना चढवेल का, स्वच्छतागृह कसे असेल, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यापेक्षा घरी ठेवणे सोपे वाटते. पण हळूहळू ते माणूस घरातही एकटेच जेवू लागते, आणि एकटे जेवणारे वृद्ध माणूस कमी जेवते, हा माझा दवाखान्यातील नित्याचा अनुभव आहे. वजन उतरू लागले म्हणून तपासायला आणलेल्या कित्येक वृद्धांच्या बाबतीत रक्ताच्या तपासण्यांआधी मी विचारतो, "जेवताना शेजारी कोण असतं?"

तर, आई सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आमच्याबरोबर मुंबईस आली.

हे जेवण आहे तरी काय?

पेरूमध्ये चिनी आणि जपानी पद्धती शिरल्या त्या आचाऱ्यांच्या लहरीमुळे नव्हे, मजुरांच्या पोटापाण्यामुळे. १८४९ पासून पुढील पंचवीस वर्षांत सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर पेरूत नेण्यात आले. उसाच्या मळ्यांत, रेल्वेच्या कामांवर आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणण्याच्या बेटांवर त्यांना राबवले गेले. त्यांचे हाल फार झाले. करार संपल्यावर जे उरले त्यांच्यापैकी अनेकांनी शहरांत छोट्या खाणावळी थाटल्या. 'जेवणे', शब्दशः 'भात खाणे', या अर्थाच्या चिनी शब्दांवरून तेथील चिनी खाणावळींस 'चिफा' हे नाव पडले, ते आजही चालते. १८९९ मध्ये 'साकुरा मारू' या जहाजातून ७९० जपानी मजूर पेरूस पोहोचले. त्यांच्या वंशजांनी घडवलेली पाकपद्धती 'निक्केई' या नावाने ओळखली जाते. पुढे जगभर नाव मिळवलेले जपानी आचारी नोबू मात्सुहिसा हेही तरुणपणी, १९७३ साली, पेरूच्या राजधानीत, लिमा येथे, उपाहारगृह चालवण्यास गेले होते.

सोलापूरकरांना ही कथा परकी वाटू नये. गिरण्या आणि हातमाग यांमुळे तेलंगणातून पद्मशाली विणकर येथे आले, कर्नाटकातून माणसे आली, आणि मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्यांच्या चुली एका गल्लीत पेटू लागल्या. आपली कडक भाकरी आणि आपली शेंगाचटणी ज्या गावात घडली ते गावच अशा मिलाफाचे आहे. पोटासाठी आलेला माणूस आपली चव सोबत आणतो आणि मिळेल त्या जिन्नसांत ती शोधतो. लिमातही हेच झाले. तेथे चिनी कढईत सोया सॉस घालून परतलेल्या मांसाबरोबर तळलेला बटाटा आणि भात असे दोन्ही वाढतात. 'लोमो साल्तादो' म्हणून तो पदार्थ प्रसिद्ध आहे.

उपवासाच्या ताटातील दक्षिण अमेरिका

उपाहारगृहात पदार्थांची यादी हातात आली तेव्हा आईने चष्मा पुसला आणि नातीला एकेक नाव वाचून अर्थ सांगण्यास सांगितले. बटाटा, रताळे, मका, शेंगदाणे, मिरची, टोमॅटो. ती म्हणाली, "हे तर सगळं आपलंच आहे."

खरे पाहता ते त्यांचे आहे, आणि आता आपलेही आहे. बटाट्याची लागवड हजारो वर्षांपूर्वी आजच्या दक्षिण पेरू आणि बोलिव्हियाच्या पठारांवर सुरू झाली. बटाट्यावर संशोधन करणारे आंतरराष्ट्रीय केंद्रही लिमा येथेच आहे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावाही तिकडचाच. रताळे आणि मिरची अमेरिका खंडातून आली. राजगिऱ्याचा एक जातभाई अँडीज पर्वतात 'किवीचा' नावाने खातात. कोलंबसानंतरच्या काळात, मुख्यतः पोर्तुगीजांच्या जहाजांतून, हे जिन्नस आपल्याकडे पोहोचले.

आता आपले आषाढी एकादशीचे ताट आठवून पाहा. साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचा कूट आणि हिरवी मिरची, बाजूला बटाट्याची भाजी, उकडलेले रताळे, राजगिऱ्याचा लाडू. पंढरीच्या वाटेवरील आपल्या जिल्ह्यात सर्वांत सोवळे मानले जाणारे हे ताट, त्यातील भगर आणि दूधदुभते सोडल्यास, जवळजवळ सारे समुद्रापारहून आलेले आहे. आईला मी हे सांगितले तेव्हा ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "मग विठोबाला चालतंय, तर मला का नाही चालणार?"

डॉक्टरांच्या दृष्टीने पेरूचे आणखी एक ऋण आहे. हिवतापावरील क्विनाइन ज्या सिंकोना वृक्षाच्या सालीपासून मिळाले तो अँडीज पर्वताच्या उतारांवरचा. १८२० मध्ये फ्रान्समधील दोन औषधशास्त्रज्ञांनी ते सालीतून वेगळे काढले. पेरूच्या राजचिन्हावर आजही सिंकोनाचे झाड आहे.

माझी चूक

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. आई सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. जेवणापूर्वी अर्धा तास टोचावयाच्या प्रकारातले. टेबल आठ वाजताचे राखले होते, म्हणून मुलीच्या घरून निघताना, सव्वासातला, मी ते टोचले. मुंबईच्या रस्त्यांचा मला विसर पडला होता. आम्ही पोहोचलो साडेआठला. पदार्थ निवडण्यात आणखी वेळ गेला. येथील पद्धत अशी, की भरलेले ताट एकदम येत नाही. सर्वांनी मिळून खाण्याच्या छोट्या ताटल्या स्वयंपाकघरात तयार होतील तशा एकेक करून येतात. प्रथम काकडी-अॅव्होकाडोचे काही आले, मग परतलेल्या शेंगभाज्या. भात आणि बटाटा, म्हणजे साखर वाढवणारा भाग, शेवटी यायचा होता.

नऊच्या सुमारास आई गप्प झाली. नातीच्या प्रश्नाला तिने भलतेच उत्तर दिले. मुलगी म्हणाली, "आजी दमली." माझ्याही मनात आधी तेच आले. मग मी तिच्या कपाळाला हात लावला. वातानुकूलित दालनात ते घामाने ओले होते. पिशवीतील यंत्रावर साखर तपासली, ती ५८ भरली.

माझ्या खिशात साखरेची एक पुडीही नव्हती. रोज दहा रुग्णांना "साखर जवळ ठेवा" म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरच्या खिशात! वाढणाऱ्या मुलाने धावत जाऊन साखर आणि पाणी आणले. चार चमचे साखर पाण्यात विरघळवून आईला घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांनी साखर ९० च्या वर आली, आणि आईने डोळे वर करून विचारले, "माझा बटाटा कुठाय?"

वाचकहो, त्या पंधरा मिनिटांत मला जे वाटले ते लिहून दाखवण्यासारखे नाही. पण त्यातून जे सांगण्यासारखे आहे ते नीट लक्षात घ्यावे.

रक्तातील साखर ७० च्या खाली गेली तर ती कमी समजावी. तरुण माणसास हात थरथरणे, धडधड आणि कडकडून भूक अशी लक्षणे जाणवतात. वृद्धांमध्ये ती अनेकदा जाणवत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात, घाम मात्र सहसा येतो. पुष्कळदा दिसते ते एवढेच: माणूस गप्प होते, चिडचिड करते, विसंगत बोलते किंवा पेंगते. आपण त्याला 'वय झालं' म्हणतो, आणि धोका येथेच आहे. मधुमेहाचे औषध घेणारे वृद्ध माणूस अचानक वेगळे वागू लागले, तर आधी साखर तपासावी. यंत्र जवळ नसल्यास साखर कमी झाली आहे असे धरून चालावे.

शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या माणसास तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. सुधारणा नसल्यास पुन्हा तेवढीच द्यावी. साखर वर आल्यावर भात, पोळी, बिस्किटे असे काही खायला द्यावे, नाहीतर ती पुन्हा उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्यास कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोड म्हणून चॉकलेट किंवा आइस्क्रीम देणे उपयोगाचे नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

इन्सुलिनची वेळ घड्याळाशी नव्हे, ताटाशी जोडलेली आहे. बाहेर जेवायचे असल्यास ते घरी टोचून निघू नये. पहिला भात-पोळीचा पदार्थ कधी येणार हे विचारून, त्यानुसार तेथेच घ्यावे. आपले इन्सुलिन कोणत्या प्रकारचे आहे आणि उशीर झाल्यास काय करावे, हे आपल्या डॉक्टरांस आधी विचारून कागदावर लिहून घ्यावे. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्यांच्या बाबतीतही हीच दक्षता लागते.

निघण्यापूर्वी

आजीआजोबांना सोबत नेताना पुढील गोष्टी आधी पाहाव्यात. यांतील बहुतेक कामे एका दूरध्वनीने होतात.

वेळ लवकरची घ्यावी. साडेसात वाजता उपाहारगृह रिकामे असते, गोंगाट कमी असतो आणि पदार्थ लवकर येतात. रात्री दहा वाजता जेवणे वृद्धांच्या पोटाला आणि झोपेलाही सोसत नाही.

जागा भिंतीकडेची मागावी. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्या मागून गोंगाट आला की समोरच्याचे बोलणे हरवते. भिंतीला पाठ असली तर बरे पडते. उंच स्टूल किंवा खोल सोफा नको, पाठ आणि हात टेकण्याची सोय असलेली साधी खुर्ची हवी. गुडघेदुखीच्या माणसास खोल सोफ्यातून उठणे म्हणजे शिक्षा.

प्रकाश आणि वाट पाहून घ्यावी. अशा ठिकाणी उजेड मंद ठेवण्याची रीत आहे. स्वच्छतागृहाकडे जाताना एखादी पायरी आहे का, फरशी गुळगुळीत आहे का, हे घरातील कोणीतरी आधी पाहून यावे आणि जाताना हात धरून न्यावे. मोबाइलचा दिवा लावण्यात संकोच नको.

पिशवीत साखरेच्या पुड्या, साखर मोजण्याचे यंत्र, रात्रीच्या गोळ्या आणि औषधांची यादी ठेवावी. ही पिशवी गाडीत न ठेवता हाताशी ठेवावी.

ताटलीत काय आहे ते विचारावे

नवा पदार्थ आला की वाढणाऱ्यास विचारण्यात कमीपणा नाही. त्यांस त्याची सवय असते.

कच्चे मासे: पेरूचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ 'सेविचे' म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेले कच्च्या माशाचे तुकडे. लिंबाच्या आम्लाने मासा पांढरा होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण तो शिजलेला नसतो. आम्लाने काही जंतू कमी होतात. परजीवी अळ्या आणि इतर अनेक जंतू मात्र उष्णतेनेच खात्रीने मरतात. १९९१ मध्ये पेरूत पटकीची मोठी साथ आली. तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे तीन हजार दगावले. दूषित पाणी हे त्याचे मुख्य कारण होते, पण कच्च्या सागरी अन्नाकडेही बोट दाखवले गेले. चांगल्या उपाहारगृहात स्वच्छतेची काळजी घेतात हे खरे. तरीही वृद्ध, मधुमेही, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि गर्भवती यांनी कच्चे मासे टाळावेत असाच माझा सल्ला आहे. मासे खाणाऱ्यांनी भाजलेला किंवा वाफवलेला मासा मागावा.

मीठ: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. एक मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मिठाइतके. दोन चमचे झाले की दिवसाचा हिशेब जवळजवळ संपला. रक्तदाब, हृदयाची दुर्बलता किंवा पायांवर सूज असणाऱ्यांनी सॉस वेगळ्या वाटीत मागावा आणि घासाचे टोक त्यात टेकवावे. आपल्याकडील पापड, लोणचे आणि खारी चटणी यांनाही हाच नियम आहे, हे ओघात सांगून ठेवतो.

शाकाहारींसाठी: भाजीचे सूप म्हणून जे येते ते कित्येकदा वाळवलेल्या माशाच्या पाण्यात केलेले असते. जपानी स्वयंपाकात त्यास 'दाशी' म्हणतात. चिनी पद्धतीच्या भाज्यांत कालवांचा सॉस असू शकतो. "मांस आहे का" असे न विचारता "माशाचे पाणी, माशाचा सॉस, अंडे यांपैकी काही आहे का" असे स्पष्ट विचारावे. आईच्या बाबतीत आम्ही हे आधीच कळवले होते. ब्याऐंशी वर्षे पाळलेला नेम एका निष्काळजी घासाने मोडला, तर त्याचे दुःख कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

शेंगदाणे, तीळ, कोळंबी यांची अ‍ॅलर्जी असल्यास ती सर्वांत आधी सांगावी. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांनी समुद्रशेवाळ आणि हिरव्या पालेभाज्या एकदम भरपूर खाऊ नयेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांस बटाटा, टोमॅटो आणि अॅव्होकाडो यांतील पोटॅशियमची मर्यादा असते. ती त्यांच्या डॉक्टरांकडून समजून घ्यावी.

पेय: पेरूची 'पिस्को सावर' ही द्राक्षांच्या मद्याची असते, आणि तीत बहुधा कच्च्या अंड्याचा पांढरा भाग घालतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मद्य घेतल्यास साखर काही तासांनी, झोपेत, उतरू शकते. झोपेची गोळी घेणाऱ्यांना तोल जाण्याचा धोका असतो. लिंबू-पाणी कमी साखरेचे मागावे हे उत्तम.

घास, कवळी आणि ठसका

कवळी असलेल्या माणसास तोंडातील घासाचा अंदाज कमी येतो. जपानी पद्धतीचे भाताचे वळकटे एका घासात खाण्याची रीत आहे. आपण ते सुरीने दोन-तीन तुकडे करून द्यावेत. चिकट भात, माकूळ आणि कडक मक्याचे दाणे जपून द्यावेत. चमचा मागून घ्यावा. आईने मात्र त्या दोन काड्या हातात घेऊन पाहिल्या आणि नातीला म्हणाली, "आपल्या गावचे डॉक्टर कोटणीस चीनमध्ये याच काड्यांनी जेवले असतील." १९३८ मध्ये युद्धातील जखमींची सेवा करण्यास चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तेथेच निधन पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, हे तिच्या पिढीला कोणी शिकवावे लागत नाही.

पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या माणसास पातळ सूपाचा ठसका लागतो. त्यांना ताठ बसवावे, लहान घास द्यावा, घास तोंडात असताना बोलते करू नये. घास अडकून माणूस बोलू किंवा खोकू शकत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्याव्यात. त्याने न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पोट आत व वरच्या दिशेने पाच वेळा दाबावे, आणि घास निघेपर्यंत हे आळीपाळीने करावे. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांक फिरवावा. हे घरातील प्रत्येकाने एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

घरी करण्याजोगे

आईला त्या रात्री सर्वांत आवडला तो 'काउसा' नावाचा पदार्थ. उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात लिंबाचा रस, थोडे तेल आणि पिवळ्या मिरचीचे वाटण, मध्ये सारण घालून थर लावलेले. मऊ, थंड, आंबट-तिखट. कवळी असणाऱ्यांस अगदी सोयीचा. सोलापूरला परतल्यावर ती म्हणाली, "हे तर मला जमेल."

तिची कृती अशी. दोन मध्यम बटाटे उकडून गरम असतानाच गुठळी न राहू देता कुस्करावेत. अर्ध्या लिंबाचा रस, एक चमचा शेंगदाणा तेल, वाटलेली अर्धी मिरची आणि चिमूटभर मीठ मिसळावे. वाटीत निम्मा थर दाबून त्यावर उकडलेले मटार, किसलेले गाजर आणि घट्ट दह्याचे सारण पसरावे. वर उरलेला बटाटा लावून वाटी ताटलीत उपडी करावी. वरून दाण्याचा थोडा कूट. हे दोन माणसांस पुरते. मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की हा बटाटा भाकरीऐवजी आहे, भाकरीसोबत नव्हे. सोबत मुगाची उसळ किंवा पनीर घेतल्यास प्रथिनेही मिळतात.

किन्वा नावाच्या पेरूच्या धान्याचे सध्या फार कौतुक आहे. ते चांगलेच आहे. पण निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्यांनी त्यासाठी महागडी पाकिटे आणण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष किन्वाचे म्हणून साजरे केले, तसे २०२३ हे भरडधान्यांचे. त्यात आपली ज्वारीही येते. मंगळवेढ्याची मालदांडी आणि राजगिरा यांनी आपली गरज उत्तम भागते.

परत येताना

घरी निघताना मी आईला म्हणालो, "दमलीस ना? उगीच आणलं तुला." ती म्हणाली, "साखर तुझ्या चुकीनं उतरली. जेवणानं नाही. पुढच्या वेळी पुड्या माझ्याच बटव्यात ठेव."

तेव्हापासून तिच्या बटव्यात, सुपारीच्या जागी, साखरेच्या चार पुड्या असतात. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मधुमेही आजीआजोबांस मी आता हेच सांगतो: पुडी मुलाच्या खिशात नको, तुमच्या स्वतःच्या पिशवीत हवी, आणि ती कशासाठी हे तुम्हाला ठाऊक हवे. काळजी घेणाऱ्या मुलासुनांना सांगतो, की पथ्य जरूर सांभाळा, पण बाहेर जायचे ठरले की आधी त्यांना विचारा. ते 'नको' म्हणाले तर तो त्यांचा निर्णय असू द्या. 'येतो' म्हणाले, तर भिंतीकडेची खुर्ची सांगून ठेवा.

गेल्या आठवड्यात मी मंडईतून पेरू आणले. आईने एक फोड मीठ न लावता खाल्ली, बिया कवळीत अडकतात म्हणून गरच तेवढा, आणि नातीला दूरध्वनी लावून विचारले, "आता पुढच्या वाढदिवसाला कुठल्या देशाचं जेवण?"